एकशे नववं नाव

आमच्या ऑफिसात निवडकाकांना खऱ्या नावाने ओळखतं ते फक्त हजेरीचं मशीन. बाकी सगळे, अगदी दारावरचा वॉचमनसुद्धा, त्यांना निवडकाकाच म्हणतात. मला लोक खोडबाई म्हणतात, कारण मी टेस्टिंगला आहे आणि दुसऱ्याच्या कामात खोड काढण्याचाच मला पगार मिळतो. आठ वर्षं आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. त्यामुळे या माणसाबद्दल बोलायचा अधिकार काकूंच्या खालोखाल माझाच आहे, आणि कोणाला पटत नसेल तर त्याने माझ्याशी येऊन भांडावं.

काका निवडायचे म्हणजे काय करायचे ते आधी सांगते. आमची कंपनी सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर बनवते. वॉर्डात खाटेशेजारी एक डबा उभा असतो बघा, शिरेत किती थेंब जाताहेत ते मोजतो आणि जरा काही बिनसलं की कोकलायला लागतो, तो पंप. आता सॉफ्टवेअर काही कोणी पहिल्या अक्षरापासून हाताने लिहीत नाही. जगभरच्या लोकांनी तयार करून ठेवलेले छोटे छोटे तुकडे घेतात, त्यांना पॅकेज म्हणतात. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला आणखी चार लागतात, आणि बघता बघता मोठं जाळं होतं. आमच्या पंपाच्या जाळ्यात नऊशे चौदा नावं आहेत.

पण गंमत अशी, की त्यातली बहुतेक पंपात जातच नाहीत! ती लागतात आम्हाला, इथे, टेबलावर. चाचण्या घ्यायला, लिहिलेलं नीटनेटकं करायला, चुकलं तर पडद्यावर लाल अक्षरं दाखवायला. घर बांधताना परांची लावतात, पण घर ताब्यात देताना ती काढून नेतात, तसंच. काकांचं काम म्हणजे त्या जाळ्यातून परांचीची नावं बाजूला काढायची आणि पंपात खरोखर जाणाऱ्यांची यादी सही करून हॉस्पिटलांना पाठवायची. उद्या बातमी आली की अमुक पॅकेजमध्ये खोट सापडली, तर हॉस्पिटलवाले आधी ती यादी उघडतात. नाव असेल तर पंप थांबवायचा, नसेल तर चालू द्यायचा. काम इतकं सरळ आहे, म्हणूनच त्यात चुकायची मुभा नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते मी काकूंच्या तोंडून ऐकलंय. काकू इथल्याच एका हॉस्पिटलात सिस्टर आहेत. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडून जाळ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या नावांची यादी जात असे. निवडायचे कष्ट कोण घेणार? एकदा त्यातल्या एका पॅकेजमध्ये खोट निघाली. हॉस्पिटलने यादी बघितली, नाव सापडलं, आणि काकूंच्या वॉर्डातले बावीसच्या बावीस पंप बंद केले. दिवसभर सगळ्या सिस्टर हातातल्या घड्याळाकडे बघत एकेका बाटलीचे थेंब मोजत उभ्या. काकू घरी आल्या, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या त्या डब्यात असं काय हो मोडलं होतं?"

काका म्हणाले, "काही नाही. ते पॅकेज आमच्या पडद्यावरची अक्षरं रंगवतं. पंपात ते नसतंच."

"पंपात नाही, मग यादीत कशाला लिहिलंत?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन काकांनी साहेबांना सांगितलं, की आजपासून यादी मी करणार. साहेबांना काय, डोक्याचा ताप गेला. तेव्हापासून काका निवडताहेत.

आणि निवडायचे तरी कसे! आमच्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत दोन मथळे असतात. वरचा, 'पंपात जाणारं', आणि खालचा, 'फक्त बनवताना लागणारं'. दुसरा कोणी असता तर खालचा मथळा गाळून मोकळा झाला असता. काका आधी मथळ्याप्रमाणे यादी करायचे आणि मग तयार झालेली पेटी, म्हणजे पंपात जाणारं शेवटचं सॉफ्टवेअर, उघडून एकेक नाव ताडून बघायचे. काही पॅकेजेस दोन्हीकडून लागतात, त्यांना चुकूनही गाळायचं नाही. मोठ्या कागदांवर जाळं छापून भिंतीला लावलेलं, हातात स्टीलची पट्टी, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. तीन दिवस हे चालायचं. मध्येच स्वतःशी पुटपुटायचे, "तू बाहेर. तू पण बाहेर. तू रे कोणाचा? तू राहा." नवीन आलेली माणसं घाबरायची. मी म्हणायचे, घाबरू नका, चावत नाहीत ते.

सुखी माणूस हो. खरंच सांगते, एवढा सुखी माणूस मी दुसरा बघितला नाही. बढती नाकारली दोनदा. कोणी विचारलं की म्हणायचे, "वर जाऊन काय करू? तिथे निवडायला काही नाही." दुपारी डबा खाऊन दहा मिनिटं खुर्चीतच डोळे मिटायचे आणि उठले की पहिलं वाक्य ठरलेलं, "खोडबाई, आज कोणाची वाट लावलीस?"

या गेल्या वर्षी नवे साहेब आले. वयाने माझ्याहून लहान, मोजून बोलणारे, कपड्यांना एक सुरकुती नाही. वाईट माणूस नाही, हेही सांगते, नाहीतर म्हणाल खोडबाईने सूड उगवला. त्यांनी एक तयार टूल आणलं. बटण दाबा, एका मिनिटात यादी हातात. टूल मथळे वाचतं, खालच्या मथळ्याखालचं सगळं गाळतं, आणि उरलेलं छापून देतं. साहेब बुधवारी आमच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काका, नवीन आवृत्तीची यादी तुम्हीही करा, टूलही करेल. शुक्रवारी अकरा वाजता दोन्ही समोर ठेवू. जुळल्या, तर पुढच्या याद्या टूल करेल. तुम्हाला खाली ट्रेनिंग रूममध्ये घेऊ, आरामाचं काम आहे."

आरामाचं काम! माझ्या डोक्यात तिडीक गेली. खालच्या ट्रेनिंग रूममध्ये मोडक्या खुर्च्या, जुना प्रोजेक्टर आणि वर्षातून दोनदा येणारी नवी माणसं. निवृत्तीला अडीच वर्षं राहिलेल्या माणसाला तिथे नेऊन बसवायचं म्हणजे अडगळीतच टाकायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बरं, साहेब. बघू या." आणि पट्टी उचलली.

काकांची पेटी आधीपासूनच उघडलेली होती, त्यामुळे गुरुवारी दुपारी दोन्ही याद्या तयार झाल्या. टूलची एकशे आठ नावं. काकांची एकशे नऊ.

मी खुर्चीतून उडालेच. साहेब म्हणणार काका चुकले, आणि मग मी पेटी उघडून दाखवणार, की हे बघा, एकशे नववं नाव आत बसलंय, तुमच्या टूलला ते दिसलंच नाही. टूल गेलं खड्ड्यात, काका राहिले जागेवर! पण टेस्टिंगवाल्या माणसाला स्वस्थ बसवतं का? टूलने ते नाव का गाळलं, ते बघायला मी फाइल उघडली.

ते पॅकेज वेळ मोजणारं होतं. पंपाचा बझर किती सेकंदांनी वाजायचा, ते त्याच्यावर ठरतं. आणि ते फाइलीत होतं खालच्या मथळ्याखाली, 'फक्त बनवताना लागणारं'. आधी चाचणीपुरतं घेतलं असणार, मग बझरच्या कामाला जोडलं, आणि मथळा बदलायचा राहून गेला. फाइलीत प्रत्येक ओळ कोणी लिहिली आणि कधी, याची नोंद असते. मी नोंद काढली. नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती. लिहिणारे होते आमचे काका.

वळून बघितलं तर काका माझ्याकडेच बघत होते.

"सापडलं?" ते म्हणाले.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ वर्षं." त्यांनी वरचा चष्मा काढून पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती. "ओळ लिहिल्यावर पहिल्यांदा पेटी ताडली तेव्हाच कळलं. तेव्हा ओळ वर नेली असती तर संपलं असतं. पण ओळ हलवली की नोंद होणार, कोणी ना कोणी विचारणार, की यादीवाल्याचीच चूक कशी? लाज वाटली. म्हटलं, पुढच्या वेळी करू. तोवर दर यादीत ते नाव हाताने घालायचो. मग पुढची वेळ आली, मग त्याच्या पुढची."

मला हसावं की रडावं कळेना. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांची नावं निवडणारा माणूस, आणि स्वतःची एक ओळ नऊ वर्षं पदराआड लपवून बसलेला! पण तेव्हा मला त्यांच्या चुकीपेक्षा त्यांची खुर्ची मोठी वाटत होती. मी खुर्ची ओढून जवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "काका, ऐका माझं. साहेब फक्त एकशे आठ आणि एकशे नऊ बघणार. पेटी उघडून दाखवू, नाव आत आहे, विषय मिटला. ती ओळ कोणी कुठे लिहिली हे कोणी विचारणार नाही. मी तर मुळीच बोलणार नाही. चार महिन्यांनी सावकाश ओळ वर न्या."

"म्हणजे टूल चुकलं म्हणायचं."

"म्हणायचं कशाला? चुकलंच की!"

"टूल नाही चुकलं ग. त्याला मी खोटं सांगितलं होतं." मग संध्याकाळपर्यंत काका कपाटातून जुन्या याद्यांच्या फाइली काढून काहीतरी शोधत होते. त्या दिवशी डबा तसाच राहिला. मी जाताना दरडावून सांगितलं, "उद्या मूग गिळून बसायचं, कळलं? तुम्हाला माझी शपथ." ते म्हणाले, "जा घरी, खोडबाई. नीट जेव."

शुक्रवारी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण. साहेबांनी दोन्ही याद्या टेबलावर ठेवल्या, एका नावावर बोट ठेवलं आणि मोजून मापून म्हणाले, "काका, तुमच्याकडे एक जास्त आहे."

मी टेबलाखाली काकांच्या बुटावर बूट ठेवला. काकांनी तो हळूच बाजूला सारला आणि उभे राहिले.

"साहेब, नाव पेटीत आहे, माझी यादी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण टूलचा दोष नाही. मथळा चुकीचा आहे आणि तो मी लिहिलाय. नऊ वर्षं मला माहीत आहे. ओळ वर न्या, टूल पण एकशे नऊ देईल."

संपलं! मी कपाळाला हात लावला. एवढी सोन्यासारखी संधी, आणि या माणसाने स्वतःच्या हाताने खुर्ची उचलून जिन्यावरून खाली ढकलून दिली. पण ते बसले नाहीत.

"अजून एक आहे," ते म्हणाले, आणि एक जुनी यादी टेबलावर ठेवली. "दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे मी नव्हतो. तेव्हाची यादी एकशे तीन नावांची गेली. एकशे चार हवी होती. हे नाव तिच्यात नाही. त्यात आजवर कुठे खोट निघालेली नाही, काल मी सगळं बघितलं. पण तीन हॉस्पिटलं अजून त्याच आवृत्तीवर पंप चालवतात. उद्या खोट निघाली, तर ते लोक ही यादी बघतील आणि म्हणतील, आपल्यात नाही, चालू द्या."

साहेबांनी यादी उलटी केली, खालची सही बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

सही माझी होती.

ती यादी मी केली होती! काकांनी जाताना सांगितलं होतं, पेटी ताडायला तुला वेळ लागेल, मथळे बघून कर, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. मी मथळे बघून अर्ध्या तासात केली, झोकात सही ठोकली आणि विसरून गेले. काल दुपारी मी त्यांना गप्प बसायचा सल्ला देत होते, तेव्हा माझीच चुकीची यादी तीन हॉस्पिटलांत पडून होती आणि मला तिची आठवणसुद्धा नव्हती.

"सही हिची आहे," काका म्हणाले. "चूक माझी आहे. मी हिला मथळे बघायला सांगितलं आणि मथळा खोटा आहे हे सांगितलं नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या, साहेब. एकत्र करू नका."

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला मथळ्याचं माहीत होतं?"

"कालपासून," मी म्हटलं. "आणि काल मीच यांना म्हटलं, की बोलू नका."

साहेबांनी खरंच दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून घेतल्या. ओरडले नाहीत. त्याच दुपारी तिन्ही हॉस्पिटलांना दुरुस्त यादी आणि पत्र गेलं. पत्र काकांनी लिहिलं, पाच ओळींचं, एकही सबब नसलेलं. ओळ वरच्या मथळ्याखाली गेली. टूल पुन्हा चालवलं, एकशे नऊ नावं आली. दोन्ही याद्या जुळल्या. म्हणजे ठरल्याप्रमाणे काका खाली.

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. रागाने मला रडू येत होतं, आणि राग नक्की कोणाचा तेही समजत नव्हतं. "काल का नाही सांगितलंत, की ती यादी माझी आहे?"

"सांगितलं असतं तर रात्रभर तळमळली असतीस," ते म्हणाले. "म्हटलं, दोघांपैकी एकाने तरी झोपावं."

"आणि खुर्ची गेली त्याचं काय?"

"खुर्ची नेतोय मी बरोबर. खालच्या सगळ्या मोडक्या आहेत." आणि हा माणूस चक्क हसला हो! दोन दिवसांत पहिल्यांदा. नऊ वर्षांचा खडा दाताखालून निघाला, की चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

तीन हॉस्पिटलांपैकी एक काकूंचं. पत्र त्यांच्याच वॉर्डात त्यांच्याच हातात पडलं, आणि घरी नवऱ्याने एक शब्द काढलेला नव्हता. काकूंनी मला फोन केला. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. तर म्हणाल्या, "वाचून दाखवलं मी सगळ्या सिस्टरना. म्हटलं, हे आमचे." एवढंच बोलल्या आणि नाक शिंकरत फोन ठेवला.

काका आता खाली असतात. ट्रेनिंग रूमची खिडकी त्यांनी स्वतः घासून पुसून उघडी केली, जाळ्याचे कागद भिंतीला लावले. नव्या माणसांना पहिल्या दिवशी ते स्वतःची ती ओळ दाखवतात, तारखेसकट, आणि मग मथळा कसा निवडायचा ते शिकवतात. डबा खाऊन दहा मिनिटं डोळे मिटतात. मी विचारलं, करमतं का? तर म्हणाले, "इथे तर माणसंच निवडायला मिळतात." सुखी माणूस, दुसरं काय.

याद्या टूल करतं. बटण दाबायचं काम आणि सही, दोन्ही माझ्याकडे आली. गेल्या महिन्यात नवी आवृत्ती निघाली, एका मिनिटात यादी तयार. साहेब माझ्या टेबलाशी पेन घेऊन उभे. मी यादी उचलली, पेटी उघडायला घेतली आणि सांगितलं की गुरुवारी देते.

"गुरुवारी? टूलने एका मिनिटात दिली की! तीन दिवस कशाला हवेत?"

"टूलची बरोबर असेल, साहेब," मी म्हटलं. "पण सही माझी आहे."

ते काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी पेन खिशाला लावलं आणि गेले. मी खाली जाऊन काकांकडून स्टीलची पट्टी मागून आणली.

गुरुवारी दुपारी सही केली. एकशे बारा नावं, सगळी बघितलेली.